वऱ्हाडातील हिवाळा : शब्द, स्मरण आणि निसर्गभान

प्रास्ताविक

ऋतूंच्या आठवणी हा मराठी ललित गद्याचा आवडता विषय आहे. दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) या पुस्तकात वर्षाचे बारा महिने निसर्गाच्या अंगाने न्याहाळलेले आहेत. हिवाळ्यावर लिहू लागणाऱ्याच्या मनात मात्र पुष्कळदा शुभ्र बर्फाचे चित्र उभे राहते. अमरावती-अकोल्याच्या सपाटीवर बर्फ पडत नाही. मग येथील माणसाने हिवाळ्याच्या आठवणी कशाच्या आधारे लिहाव्यात, याचा विचार आपण या उपघटकात करणार आहोत.

१. शब्दातील हिम

‘उष्णकाल’पासून ‘उन्हाळा’, तसा ‘हिमकाल’पासून ‘हिवाळा’ हा शब्द सिद्ध झाला. ‘ग्राम’चे ‘गाव’ आणि ‘नाम’चे ‘नाव’ होताना ‘म’चा ‘व’ झाला, तोच बदल येथेही दिसतो. ‘हेमंत’ आणि ‘हिमालय’ हे शब्द याच कुळातले. हिवाळ्याचा अर्थ असलेला लॅटिन ‘हिएम्स’ हा शब्दही त्यांचा दूरचा नातलग आहे. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून खेड्यात ‘हिवाया’ ऐकू येतो. ज्याने बर्फ कधी पाहिला नाही, त्याच्याही तोंडी हिम असे शब्दरूपाने नांदत आहे.

२. येथील थंडीचे स्वरूप

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर नेणारा हा प्रदेश हिवाळ्यातील काही रात्री दहा अंशांच्या खाली उतरतो. आकाश निरभ्र व हवा कोरडी असल्यामुळे दिवसभर तापलेली काळी जमीन रात्री आपली उष्णता वेगाने सोडते. जमिनीलगतची हवा पुरेशी थंड झाली, की तिच्यातील बाष्प हरभऱ्याच्या पानांवर दव होऊन साचते. उत्तरेकडील गाविलगडच्या डोंगरात, सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्यात, कडाक्याच्या थंडीत हे दव क्वचित गोठतेही. वऱ्हाडातील माणसाला हिमाचे एवढेच ओझरते दर्शन घडते.

३. आनंद आणि हानी

या प्रदेशात आकाशातून बर्फ येतो तो गारांच्या रूपाने, आणि तोही हिवाळा सरताना. उंच ढगांतील जोरदार ऊर्ध्वगामी प्रवाह पाण्याचे थेंब गोठणपातळीच्या वर उचलून नेतात. त्यांवर बर्फाचे थर चढतात आणि भार पेलेनासा झाला, की गारा कोसळतात. अंगणात गारा वेचून तोंडात टाकण्याचा आनंद अनेकांच्या बालपणात असतो. त्याच वेळी शेतात गव्हाच्या ओंब्या आणि हरभऱ्याचे घाटे भरलेले असतात. वरूड-मोर्शीकडील संत्र्याच्या बागांत मृग बहाराची फळे तोडणीला आलेली आणि आंबिया बहार नुकता धरलेला असतो. म्हणजे एका गारपिटीत दोन बहार हातचे जाऊ शकतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस व मार्चमध्ये विदर्भासह महाराष्ट्राच्या मोठ्या भागात गारपीट झाली, तेव्हा रब्बी पिके व फळबागा यांची मोठी हानी झाली.

निसर्गप्रेम म्हणजे केवळ सौंदर्याची स्तुती, हा समज येथे अपुरा पडतो. मुलाच्या ओंजळीतील गार आणि बापाच्या कपाळावरची आठी ही एकाच घटनेची दोन रूपे आहेत. त्यांतील एक वगळले, तर आठवण गोड होते, पण खरी राहत नाही.

४. लेखनाच्या दृष्टीने

पुढील दोन वाक्ये ताडून पाहा.

(अ) थंडीचे दिवस होते आणि निसर्ग अतिशय विलोभनीय दिसत होता.

(आ) कापूस वेचायला सकाळी लवकर गेलो, की दवाने ओली झालेली बोंडे हाताला गार लागत. म्हणून ऊन वर येईपर्यंत आई आम्हांला धुऱ्यावर बसवून ठेवी.

पहिले वाक्य कोणत्याही प्रदेशाविषयी लिहिता येईल. दुसऱ्यात पीक, श्रम, नाते आणि ‘धुरा’ हा बांधासाठीचा वऱ्हाडी शब्द आहे. विलोभनीयता न सांगताही सकाळ जाणवते. आपल्यापैकी अनेकांनी शेती, नोकरी वा संसार सांभाळून शिक्षण पुन्हा हाती घेतले आहे. अशा तपशिलांचा साठा आपल्यापाशी आधीच आहे. तो साहित्याच्या योग्यतेचा नाही, असे मानू नये.

सारांश

ऋतूची आठवण प्रदेशाच्या हवामानातून, पिकांतून आणि बोलीतून आकार घेते. वऱ्हाडचा हिवाळा दव, काळी जमीन, कापूस आणि गारा यांचा आहे. त्याचे सुख आणि त्याचा धाक ही दोन्ही शब्दांत उतरली, तर लेखन विश्वसनीय होते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘हिवाळा’ या शब्दाची व्युत्पत्ती सांगून त्यातील ध्वनिबदल स्पष्ट करा.

२. गारपिटीच्या उदाहरणावरून निसर्गानुभवाच्या दोन बाजू विशद करा.

३. आपल्या गावातील हिवाळ्याची एक आठवण, किमान तीन स्थानिक शब्द योजून, १५० शब्दांत लिहा.