कोमट दुधाचे घड्याळ

समजा तुम्ही कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेसाठी कपिलधारला गेला आहात. बीड जिल्ह्यात, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या डोंगरांत हे ठिकाण आहे. संत मन्मथस्वामींची येथे समाधी आहे आणि पावसाळ्यात कड्यावरून मोठा धबधबा कोसळतो. यात्रेला दूरदूरच्या गावांतून दिंड्या येतात. रात्र झाली आहे, थंडी पडली आहे. तुमच्याबरोबर काकू आहेत आणि त्यांचे चार महिन्यांचे बाळ. आईचे दूध पुरत नाही म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला डब्यातल्या भुकटीचे दूधही देतात.

रात्री आठ वाजता काकूंनी दूध तयार केले आणि ते गार होऊ नये म्हणून थर्मासमध्ये भरून ठेवले. दोन वाजता बाळ रडत उठले. थर्मास उघडला, तर दूध अजून छान कोमट! आता ते बाळाला द्यावे का?

तुमच्यापैकी बहुतेक जण म्हणतील, "द्यावे की! गरम करण्याचा त्रासही वाचला." परंतु हेच दूध बाळाला देऊ नये. का, ते पाहू.

थर्मासमधले विरजण

आजी दही कसे लावते ते आठवा. दूध तापवते, बोट सोसेल इतके कोमट होऊ देते, त्यात थोडे विरजण घालते आणि थंडीचे दिवस असले तर भांडे फडक्यात गुंडाळून उबेला ठेवते. सकाळी दही तयार! विरजणातील जंतूंना वाढायला तीन गोष्टी मिळाल्या: अन्न, ऊब आणि वेळ.

काकूंच्या थर्मासमध्येही याच तीन गोष्टी आहेत. फरक एवढाच, की येथे विरजण कोणते पडले आहे हे कोणालाच माहीत नाही. डब्यातील भुकटी कितीही स्वच्छ कारखान्यात बनलेली असली तरी ती पूर्णपणे निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर आणि साल्मोनेला हे जंतू क्वचित तिच्यात सापडतात. शिवाय चमचा, बाटली, हात यांवरूनही जंतू येऊ शकतात. मोठ्या माणसाला त्यांचा त्रास होईलच असे नाही. पण तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती अजून पुरती तयार झालेली नसते. त्याला जुलाब होतात, अंगातील पाणी कमी होते. क्रोनोबॅक्टरमुळे तर अगदी लहान बाळाच्या मेंदूच्या आवरणाला सूज येऊन जीव धोक्यात येतो.

आता थोडे गणित करू. उबेत काही जंतू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे तासात तीन वेळा. एका जंतूपासून सुरुवात केली तर २ तासांत ६ वेळा दुप्पट होऊन ६४ जंतू होतील. आणि ६ तासांत? १८ वेळा दुप्पट, म्हणजे २,६२,१४४! आठ ते दोन म्हणजे बरोबर सहा तास. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेची सूचना आहे, की तयार केलेले दूध दोन तासांच्या आत वापरावे आणि उरलेले टाकून द्यावे.

ऊब वेगळी, उष्णता वेगळी

"पण गरम केले की जंतू मरतात ना?" असे तुम्ही विचाराल. मरतात, मात्र किती गरम, यावर सारे अवलंबून आहे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. अशा पेढ्यांत मातांनी दिलेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे ठेवून लगेच थंड करतात. यालाच पाश्चरीकरण म्हणतात. भुकटीतील जंतू मारण्यासाठी ती किमान ७० अंशांच्या पाण्यात कालवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळाला पाजायचे दूध मात्र सुमारे ३७ अंशांचे, म्हणजे अंगाच्या उबेइतकेच असते. या तापमानाला जंतू मरत नाहीत, उलट वाढतात. थोडक्यात, बाटली कोमट करणे हे केवळ बाळाला बरे वाटावे म्हणून असते. त्याने दूध शुद्ध होत नाही.

मग काकूंनी काय करावे?

थर्मास आणावा, पण त्यात दूध न भरता उकळलेले पाणी भरावे. भुकटी कोरड्या, स्वच्छ डबीत वेगळी ठेवावी. बाळ उठले, की उकळून घेतलेल्या बाटलीत थर्मासमधले कढत पाणी घ्यावे, डब्यावर सांगितलेल्या मापाने भुकटी घालावी आणि झाकण लावून हलवावे. पाणी ७० अंशांच्या खाली गेले असेल तर पुन्हा उकळावे. झऱ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी ते न उकळता दुधात घालू नये.

हे दूध फार गरम असते. ते निववायला बाटली गार पाण्याच्या भांड्यात धरावी. पाणी झाकणाच्या खाली राहिले पाहिजे, नाहीतर ते बुचातून आत शिरेल.

घरी फ्रिज असेल तर तयार दूध लगेच निववून ५ अंश किंवा त्याखाली २४ तासांपर्यंत ठेवता येते. पाजण्यापूर्वी ते गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून कोमट करावे, पण १५ मिनिटांहून जास्त वेळ नाही. आणि बाटली तशीच विसरूही नये. समजा, पातेल्यात ६० अंशांचे ५०० ग्रॅम पाणी आहे आणि बाटलीत ५ अंशांचे १२० ग्रॅम दूध. भांड्याची व हवेची उष्णता सोडून दिली तर दोघांचे तापमान शेवटी सारखे होईल:

(५०० × ६० + १२० × ५) ÷ ६२० = सुमारे ४९ अंश.

एवढ्या गरम दुधाने कोवळे तोंड पोळू शकते!

मायक्रोवेव्ह भट्टी तर यासाठी मुळीच वापरू नये. तिच्यात दूध सर्वत्र सारखे तापत नाही. बाटली बाहेरून कोमट लागते, पण आत मध्येच एखादा भाग चटका बसेल इतका गरम झालेला असतो. पातेल्यातील बाटलीतही भिंतीजवळचे दूध आधी तापते. म्हणून बाहेर काढल्यावर ती हलकेच घोळवावी.

शेवटी परीक्षा मनगटाची. दुधाचे दोन थेंब मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकावेत. बोटांवर नाही! रोज तव्यावरची भाकरी उलटणाऱ्या बोटांची कातडी जाड झालेली असते, तिला गरमही कोमटच वाटते. मनगटाची कातडी पातळ असते. तिला थेंब कोमट लागला, की दूध योग्य आहे.

करून पाहा

१. शाळेतील तापमापक आणि घरचा थर्मास घ्या. शिक्षकांच्या मदतीने त्यात उकळते पाणी भरा व दर तासाला तापमान मोजून आलेख काढा. तुमचा थर्मास पाणी ७० अंशांच्या वर किती तास ठेवतो?

२. दोन सारख्या बाटल्यांत सारखे गार पाणी भरून त्या ५० अंशांच्या पाण्यात ठेवा. एक दर मिनिटाला घोळवा, दुसरी स्थिर ठेवा. पाच मिनिटांनी दोन्हींत वर व तळाशी तापमान मोजा. फरक का पडला?

आईच्या दुधाला मात्र यातले काहीच लागत नाही. ते ताजे आणि योग्य तापमानाचे असते. म्हणून पहिले सहा महिने शक्यतो तेच द्यावे. ते पुरत नसेल तेव्हा मात्र थर्मासमधून पाणी न्यायचे आणि दूध ताजे करायचे, एवढे काकूंना नक्की सांगा. आणि हो, अजून एक प्रश्न. आठ वाजताची तीच बाटली थर्मासमध्ये न भरता उघड्यावर ठेवली असती आणि थंडीने दूध गार पडले असते, तर दोन वाजता ते नुसते कोमट करून देता आले असते का? उत्तर तुम्हीच शोधा. गणित वर दिलेच आहे.