इंटरनेटवरील दूरचित्रवाणी : घरातील यंत्रांची मांडणी व निगा

कालव्याला पाणी मुबलक असूनही शेवटचा वाफा कोरडा राहतो, हा अनुभव पाटाखालच्या शेतकऱ्यास नवा नाही. चारी भरून वाहत असते. परंतु शेतातील दंड उंदरांनी पोखरलेला असला किंवा गवताने बुजलेला असला म्हणजे पाणी वाटेतच मुरते आणि दोष मात्र कालव्यास दिला जातो. घरात इंटरनेट घेऊन त्यावर दूरचित्रवाणी पाहू लागलेल्या कुटुंबांची स्थिती पुष्कळदा अशीच होते. गावापर्यंत जोडणी चांगली आलेली असते, दरमहाचे पैसेही वेळेवर भरले जातात. तरीही चित्र मधूनच थांबते, आवाज तुटतो आणि बातम्यांच्या ऐन वेळी पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते. अशा वेळी कंपनीस बोल लावण्यापूर्वी आपल्या घरातला दंड तपासून पाहणे हिताचे असते. तो कसा तपासावा व कसा दुरुस्त ठेवावा, याची माहिती प्रत्येक कुटुंबास असणे जरूर आहे.

दूरचित्रवाणी व शेती

दूरचित्रवाणीचा शेतीशी असलेला संबंध जुना आहे. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्ली केंद्रावरून ‘कृषि दर्शन’ हा कार्यक्रम सुरू झाला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, तर २६ मे २०१५ रोजी शेतकऱ्यांसाठी ‘डीडी किसान’ ही स्वतंत्र वाहिनी आली. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारा काचेचा बारीक तंतू, पोहोचविण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. प्रसारभारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वेव्हज’ हे इंटरनेटवरील व्यासपीठ सुरू केले व दूरदर्शनच्या वाहिन्या तेथेही पाहता येऊ लागल्या. याप्रमाणे जो कार्यक्रम पूर्वी मनोऱ्यावरून व नंतर छपरावरच्या छत्रीतून घरात येत असे, तो आता तंतूतूनही येऊ लागला आहे.

दोन पद्धतींतील फरक

छत्रीवर येणारे चित्र पावसासारखे असते. उपग्रहावरून ते सर्व प्रदेशावर सारखेच पडते. शेजाऱ्याने संच लावला म्हणून आपल्या वाट्याचे काही कमी होत नाही. मात्र मुसळधार पावसात व दाट ढगांत उपग्रहाच्या लहरी क्षीण होतात आणि चित्र काही वेळ नाहीसे होते. इंटरनेटवरील चित्र पाटाच्या पाण्यासारखे असते. प्रत्येक संचाकडे स्वतंत्र प्रवाह सोडला जातो. घरात एकाच वेळी दूरचित्रवाणी संच, तीन मोबाइल आणि मुलांचा अभ्यास चालू असला म्हणजे तेच पाणी पाच वाफ्यांत विभागले जाते. पावसाने हा प्रवाह सहसा अडत नाही. परंतु रस्त्याच्या कामात जेसीबीने तंतू तोडला, झाड कोसळले अथवा वीज गेली, तर तो पूर्णपणे थांबतो. दोन्ही पद्धतींचे गुणदोष हे असे आहेत. ते ध्यानी घेऊनच बदल करावा.

गरजेचा हिशेब

इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगितला जातो, तर साठा मेगाबाइट वा गिगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून ४० मेगाबिटची जोडणी सेकंदास फार तर ५ मेगाबाइट माहिती आणते. स्पष्ट अशा एचडी चित्रास साधारणपणे ५ मेगाबिटचा अखंड वेग पुरतो. अतिस्पष्ट अशा ४के चित्रास १५ ते २५ मेगाबिट लागतात. शेतकरी कुटुंबाच्या नित्याच्या उपयोगास एचडी चित्र पुष्कळ झाले.

५ मेगाबिटच्या वेगाने तासाभरात सुमारे सव्वादोन गिगाबाइट माहिती खर्ची पडते. रोज चार तास संच चालला तर महिन्यास २७० गिगाबाइट होतात. मोबाइलच्या रोज २ गिगाबाइट मिळणाऱ्या रिचार्जवर असे चित्र तासभरदेखील चालणार नाही, हे यावरून ध्यानात येईल. तेव्हा मोबाइलच्या भरवशावर छत्री काढून टाकू नये. तंतूची जोडणी घेतानाही महिन्याला किती गिगाबाइटनंतर वेग कमी होतो, हे आधी विचारून घ्यावे.

खर्चाचा हिशेब करताना केवळ जोडणीचे भाडे धरून चालत नाही. ज्या वाहिन्या घरात पाहिल्या जातात, त्या कोणत्या अ‍ॅपवर मिळतात व त्यासाठी निराळे पैसे पडतात काय, याची यादी करावी. जुन्या संचास एचडीएमआय ही जोड असल्यास वेगळे उपकरण जोडून काम भागते. ती जोड नसल्यास त्या संचास चालेल असेच उपकरण आहे ना, हे खरेदीपूर्वी पाहावे. ‘डीडी फ्री डिश’ला मासिक शुल्क नाही. म्हणून ज्यांच्याकडे ती छत्री आहे, त्यांनी ती उतरविण्याची घाई करण्याचे कारण नाही.

राउटरची जागा

तंतूतून आलेला प्रकाश ज्या यंत्रात विजेच्या संकेतात बदलतो, त्यास ओएनटी म्हणतात. आणि घरात बिनतारी लहरी पसरविणारे यंत्र म्हणजे राउटर. पुष्कळ ठिकाणी ही दोन्ही कामे एकच डबा करतो. जोडणी करणारा माणूस तार जेथून आत येते तेथेच हा डबा बसवून जातो. ती जागा बहुधा पडवीच्या किंवा ओटीच्या कोपऱ्यात असते आणि संच मात्र माजघरात असतो.

दगडी किंवा मातीच्या जाड भिंतीतून लहरी मोठ्या कष्टाने पार होतात. पत्रा, लोखंडी कपाट, धान्याची कणगी व पाण्याची टाकी यांच्याआडही त्या क्षीण होतात. जाड भिंतीतील कोनाड्यात ठेवलेला राउटर नीटनेटका दिसतो खरा, पण तो तीन बाजूंनी कोंडलेला असतो. म्हणून राउटर शक्यतो घराच्या मध्यभागी, जमिनीपासून पाच ते सहा फूट उंचीवर, उघड्या फळीवर ठेवावा. त्यावर विणलेले आच्छादन घालू नये, कारण यंत्र तापते. चुलीचा धूर, भुसा व धूळ यांपासून ते दूर असावे.

बहुतेक राउटर दोन प्रकारच्या लहरी पसरवितात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूरवर व भिंतीपलीकडे जातात, पण त्यांचा वेग कमी असतो. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींचा वेग अधिक असतो, पण त्या भिंतीस लवकर हार खातात. संच त्याच खोलीत असेल तर दुसरी निवडावी. भिंतीपलीकडे असेल तर पहिली. राउटरच्या नावापुढे दिसणारे ‘५जी’ आणि मोबाइलचे ५जी यांचा एकमेकांशी संबंध नाही.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे संचास राउटरपासून लॅनची तार जोडणे. ही तार १०० मीटरपर्यंत चालते व भिंतीचा अडथळा तिला होत नाही. एकाच जागी राहणाऱ्या संचासाठी तारेइतका स्वस्त व हुकमी उपाय दुसरा नाही.

वीज, पाऊस व उंदीर

खेड्यात बिघाडाचे मोठे कारण वीज हेच असते. १२ व्होल्ट व १ अँपिअरचा अडॅप्टर असलेले यंत्र जास्तीत जास्त १२ वॉट वीज घेते. अशा यंत्रासाठी लहान बॅटरीचे साधन मिळते. ३० वॉट-तासांची बॅटरी १० वॉट घेणाऱ्या यंत्रास हिशेबाने तीन तास व प्रत्यक्षात त्याहून काहीशी कमी पुरते. खरेदी करताना अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट जुळवून पाहावे. ९ व्होल्टच्या यंत्रास १२ व्होल्ट दिल्यास ते जळण्याचा धोका असतो. ओएनटी व राउटर निराळे असतील तर दोन्हींची सोय करावी.

मेघगर्जना सुरू झाली म्हणजे अडॅप्टर, लॅनची तार व छत्रीची तार काढून ठेवावी. मात्र वीज अगदी जवळ कडकडू लागल्यावर या तारांना हात लावू नये. हे काम आधीच उरकावे. काचेचा तंतू वीज वाहत नाही. पण त्याला ताण देण्यासाठी सोबत लोखंडी तार असेल तर ती वाहते. ती तार घराबाहेरच खुंटीस बांधून तेथेच संपवावी व नुसता तंतू आत घ्यावा, असे जोडणी करणाऱ्यास सांगावे.

तंतू दाबून ठोकू नये, दाराच्या फटीतून नेऊ नये व त्याचे तळहाताहून लहान वेटोळे करू नये. उंदीर लागणाऱ्या घरात तो प्लॅस्टिकच्या नळीतून न्यावा. तुटलेल्या टोकातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश बाहेर पडत असतो. म्हणून त्यात डोकावून पाहू नये व मुलांनाही पाहू देऊ नये.

बिघाड कसा शोधावा

प्रथम यंत्रावरचे दिवे पाहावेत. ‘पीओएन’चा हिरवा दिवा स्थिर असेल तर बाहेरची तार बहुतेक ठीक आहे असे समजावे. ‘एलओएस’चा तांबडा दिवा लागला असेल तर प्रकाश यंत्रापर्यंत पोहोचत नाही, हा दोष घरच्या माणसाने दुरुस्त करण्याजोगा नाही. दिवे ठीक असतील तर यंत्र बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावे.

त्यानंतर वेग दोन ठिकाणी मोजावा. मोबाइल राउटरच्या शेजारी धरून एकदा व संचाच्या जागी धरून एकदा. राउटरजवळ ४० मेगाबिट व संचाजवळ ४ मेगाबिट आले, तर पाणी दंडात मुरते आहे. जागा बदलावी किंवा तार ओढावी. दोन्ही ठिकाणी ४ आले, तर दोष कालव्याकडे आहे किंवा महिन्याचा साठा संपला आहे. तेव्हा कंपनीकडे तक्रार करावी. तक्रारीचा दिवस, वेळ, दिव्यांचा रंग व तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवावा. ज्याची वही असते, त्याची तक्रार लवकर सुटते.

यंत्राच्या पाठीमागील बारीक छिद्रात ‘रीसेट’ची कळ असते. ती काडीने दाबून धरल्यास सर्व मांडणी पुसली जाते व कारागीर येईपर्यंत इंटरनेट बंद पडू शकते. बंद करून सुरू करणे आणि ही कळ दाबणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

किल्ली आपल्या हाती

मोटेच्या विहिरीस जसे कुंपण, तसे वायफायला पासवर्ड. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. वायफायचा पासवर्ड एक आणि यंत्राच्या मांडणीत शिरण्याचा दुसरा असतो. दोन्ही बदलावे लागतात. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ असावा. पाहुण्यांसाठी निराळे जाळे सुरू करण्याची सोय असेल तर ती वापरावी. यंत्राची नवी सुधारणा आली म्हणजे ती घ्यावी.

सर्व वाहिन्या फुकट दाखविण्याचे आमिष देणारी अ‍ॅपे संचावर चढवू नयेत. ज्या मोबाइलवर पीकविम्याचे व बँकेचे व्यवहार चालतात, तो त्याच जाळ्यात असतो, याचा विसर पडू देऊ नये. ओटीपी कोणासही सांगू नये, कारागिरासही नाही.

ग्रामकार्यकर्त्यांचे कार्य

वरील गोष्टी ऐकून पटण्यापेक्षा पाहून अधिक पटतात. ग्रामकार्यकर्त्यांनी ग्रामपंचायतीत अथवा एखाद्या घरी प्रात्यक्षिक ठेवावे. तोच राउटर प्रथम कोनाड्यात व नंतर फळीवर ठेवून वेग मोजून दाखवावा आणि दोन्ही आकडे फळ्यावर लिहावेत. वृद्धांना व स्त्रियांना दिव्यांचा अर्थ समजावून द्यावा, कारण दिवसा घरी तेच असतात. प्रत्येक यंत्राजवळ तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून चिकटवावा.

शेवटी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. छत्री, मोबाइल व आकाशवाणी अशा निरनिराळ्या वाटांनी घरात येणारी माहिती एकाच तंतूवर आणली, तर तो तंतू तुटल्याच्या दिवशी करमणूक, बाजारभाव व हवामानाचा इशारा ही सर्व एकदमच बंद पडण्याचा संभव असतो. तोडणीस आलेली द्राक्षे किंवा खळ्यावर पसरलेले सोयाबीन असताना एका सायंकाळचा इशारा चुकणे फार महाग पडते. म्हणून नवी जोडणी घेतल्यावर एक पावसाळा पार पडेपर्यंत जुनी छत्री उतरवू नये. मासिक रिचार्ज परवडत नसेल तर निदान बॅटरीवर चालणारा रेडिओ घरात असू द्यावा. शहाणा शेतकरी नवे वाण प्रथम एका वाफ्यात लावून पाहतो व गुण आला म्हणजे सर्व शेतात घेतो. घरातील या नव्या पिकासही तोच नियम लावला, तर नुकसान होण्याचा प्रसंग येणार नाही.