राखेची वीट, शेताची माती

आपल्या जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात, भोन येथे, डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात भाजक्या विटांचा प्राचीन स्तूप उजेडात आला. पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीखाली त्या विटा शतकानुशतके टिकून राहिल्या. नीट भाजलेल्या विटेच्या आयुष्याचा याहून निराळा दाखला देण्याची गरज नाही. मात्र प्रत्येक विटेमागे कुठल्या तरी शेताची माती खर्ची पडते. साधारण तीन किलोच्या एक हजार विटा पाडावयाच्या तर किमान तीन टन माती लागते. शेताचा वरचा सुपीक थर एकदा गेला की तो एका पिढीत परत येत नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या शेजारीच पडून आहे. शेगावच्या पूर्वेस अकोला जिल्ह्यात पारसचे औष्णिक विद्युत केंद्र आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण सुमारे ३० ते ४५ टक्के असते. त्यामुळे अशा केंद्रांपाशी राखेचे ढीग साचतात. केंद्र शासनाने १९९९ साली अधिसूचना काढून, अशा केंद्रांपासून ५० किलोमीटरच्या आतील वीटभट्ट्यांनी मातीत वजनाने किमान २५ टक्के राख मिसळावी, असे ठरविले. पुढे या अंतराची मर्यादा वाढविण्यात आली. वरील हिशेबाने हजार विटांमागे सुमारे पाऊण टन माती वाचते.

राख मातीत नेमके काय करते? आपली काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आक्रसते. म्हणून कच्च्या विटांना तडे जातात. राखेचे बारीक कण चिकट नसतात. ते मातीचा अतिरिक्त चिकटपणा कमी करतात, ओल सारखी बाहेर पडते आणि तडे कमी जातात. राखेत राहिलेला न जळालेला कोळसा विटेच्या आतूनच जळतो. त्यामुळे इंधनाचीही थोडी बचत होते. सिमेंट किंवा चुना घालून न भाजता केलेली राखेची वीट मात्र निराळी. तिचा विचार येथे केलेला नाही.

तथापि राख म्हणजे सर्व दोषांवरील औषध नव्हे. ती प्रमाणाबाहेर गेली तर वीट ठिसूळ होते व कोपरे झडतात. मातीतील चुनखडीचे खडे वेचले नाहीत, तर भाजल्यावर ते ओल शोषून फुगतात आणि विटेचे टवके उडतात. दुसरी बाब माणसाची. आपल्यापैकी अनेकांच्या घरची माणसे दिवाळीनंतर वीटभट्टीवर राबावयास जातात. कोरडी राख श्वासावाटे फुप्फुसात जाते. म्हणून ती आधी पाण्याने भिजवावी आणि कालवताना नाका-तोंडावर कापड बांधावे. माती वाचली आणि माणसाची छाती गेली, तर तो व्यवहार आम्ही लाभाचा मानणार नाही.

विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच, की हे सारे स्वतः पडताळून पाहावे. शून्य, दहा, पंचवीस व चाळीस टक्के राखेच्या विटा पाडाव्यात, सावलीत वाळवून जवळच्या भट्टीत भाजून घ्याव्यात. मग कोरड्या विटेचे वजन करून ती २४ तास पाण्यात ठेवावी व पुन्हा वजन करावे. सर्वसाधारण बांधकामाच्या विटेने आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी पिऊ नये, असे भारतीय मानक सांगते. आपल्या गावच्या मातीला किती राख मानवते, हे त्या वजनातूनच कळेल.