रक्तवाहिनी म्हणजे नळ नव्हे

रावेतच्या बंधाऱ्यावरून उचललेलं पवना नदीचं पाणी निगडीत शुद्ध होऊन शहरभर जातं. वाटेत जलवाहिनी तुंबली तर ती मोकळी करायची, की पाणी पुन्हा सुरू. हृदयाच्या रक्तवाहिनीबद्दलही आपली समजूत अशीच असते. 29 सप्टेंबरच्या जागतिक हृदय दिनानिमित्त सोसायट्यांत आणि कंपन्यांत तपासणी शिबिरं लागतील. कुणाच्या ईसीजीत शंका येईल, पुढे अँजिओग्राफीत ‘70 टक्के ब्लॉकेज’ निघेल आणि घरात चर्चा सुरू होईल ती थेट स्टेंट की बायपास याचीच. त्याआधीचा प्रश्न मात्र राहून जातो: हा अटॅक आहे, की सावकाश वाढलेला आजार आज दिसला आहे?

अटॅकमध्ये गुठळी अचानक वाहिनी बंद करते आणि पुढचा स्नायू मिनिटामिनिटाला मरू लागतो. मनगटातून नळी सरकवून फुगा फुगवायचा, स्टेंट बसवायचा, तोही रुग्णालयात पोहोचल्यापासून 90 मिनिटांच्या आत. ते शक्य नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तातडीने द्यायचं. चाकणच्या कारखान्यातल्या रात्रपाळीत छातीतली कळ ॲसिडिटी समजून पाळी संपेपर्यंत थांबणं म्हणूनच जिवावर बेततं. स्थिर आजाराचं गणित वेगळं आहे. 37 देशांतल्या 5,179 रुग्णांवरच्या ‘इस्केमिया’ चाचणीत (2020) औषधांच्या जोडीला सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र अधिक कमी झालं. कारण आजार वाहिनीच्या भिंतीत सर्वत्र पसरलेला असतो आणि फुटून अटॅक आणणारा चरबीचा थर पुष्कळदा सर्वांत अरुंद जागी नसतोच. स्टेंट दोन-तीन सेंटिमीटर जागा सांभाळतो. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांचा उपयोग सगळ्या वाहिन्यांना होतो.

यावर कुणी म्हणेल, 2017च्या दरनियंत्रणानंतर लाखाच्या वर विकला जाणारा औषधी स्टेंट त्या वर्षी तीस हजारांच्या आत आला, मग टाकून घ्यायला काय हरकत? किंमत उतरली म्हणून नसलेला फायदा निर्माण होत नाही आणि रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या पुढे काही महिने घ्याव्या लागतात, त्या वेगळ्याच. मग या प्रक्रिया निरुपयोगी का? मुळीच नाही. डाव्या मुख्य वाहिनीतला मोठा अडथळा, हृदयाचं फार कमी झालेलं पंपिंग किंवा औषधांनीही न हटणारं दुखणं असेल, तर त्यांची गरज खरी असते. मधुमेहासोबत अनेक वाहिन्या खराब असतील, तर 1,900 रुग्णांच्या ‘फ्रीडम’ चाचणीत (2012) बायपास स्टेंटपेक्षा सरस ठरली. बायपासमध्ये छातीच्या भिंतीची धमनी सोडवून ती अडथळ्यांच्या पुढे जोडली जाते. त्यामुळे अलीकडच्या भागात उद्या नवा अडथळा आला, तरी पुढच्या स्नायूला रक्त मिळत राहतं. थोडक्यात, छातीत कळ आली तर नातेवाइकांचीही वाट न पाहता रुग्णवाहिकेसाठी 108ला फोन करावा. आणीबाणी नसताना नुसता अहवाल हाती आला असेल, तर संमतिपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना विचारावं: यानं माझं आयुष्य वाढेल, की फक्त दुखणं कमी होईल? हे विचारायला आपल्याकडे पुरेसा वेळ असतो.