‘प्लीज’ला जपानीत काय म्हणतात?

कोल्हापुरात जपानी शिकणं आता नुसत्या हौसेपुरतं राहिलेलं नाही. शिवाजी विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागात ही भाषा शिकवली जाते. त्यात जपानने एप्रिल २०१९ मध्ये ‘विशिष्ट कौशल्य’ व्हिसा सुरू केला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यासाठी भारताशी सहकार्य करार केला. रुग्णसेवा, शेती, हॉटेल अशा क्षेत्रांत तिकडे काम करायचं, तर जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी किंवा तिच्या तोडीची दुसरी चाचणी पार करावी लागते. मग क्लास लावला जातो आणि नवख्यांचा हमखास प्रश्न येतो : ‘प्लीज’ला काय म्हणायचं?

गडबड या प्रश्नापासूनच सुरू होते.

गैरसमज : ‘कुदासाइ’ म्हणजे ‘प्लीज’. कशालाही जोडा, वाक्य नम्र होतं.

वस्तुस्थिती : ‘कुदासाइ’ हे क्रियापद आहे. वडीलधाऱ्याने किंवा वरिष्ठाने आपल्याला काही देणं म्हणजे ‘कुदासारु’. त्याचं हे आज्ञार्थी रूप. ‘मिझु ओ कुदासाइ’ म्हणजे सरळ ‘पाणी द्या’. यातला ‘ओ’ पाणी हे कर्म असल्याचं दाखवतो. मराठीत ‘दे’चं ‘द्या’ केलं की मान राखला जातो, वेगळं ‘कृपया’ लावावं लागत नाही. तो शब्द सूचनाफलकावरच जास्त दिसतो. जपानीतही दोस्ताला म्हणायचं रांगडं ‘कुरे’ सोडून ‘कुदासाइ’ म्हटलं की तेच साधतं. दुकानात, हॉटेलात ते अगदी योग्य. साहेबाकडे किंवा पाहुण्याकडे काही मागताना मात्र ते सभ्य शब्दांतल्या हुकमासारखं वाटू शकतं.

गैरसमज : काही मागताना ‘दोऽझो’ म्हणावं.

वस्तुस्थिती : वस्तू पुढे करणारा ‘दोऽझो’ म्हणतो, म्हणजे ‘घ्या ना’. चहा हवा असलेल्यानेच ‘ओचा, दोऽझो’ म्हटलं, तर समोरच्याला वाटेल की हा आपल्यालाच चहा देतोय.

गैरसमज : ‘कुदासाइ’ आणि ‘ओनेगाइ शिमासु’ यांत काहीच फरक नाही.

वस्तुस्थिती : हॉटेलात चहा मागताना दोन्ही चालतात. पण ‘कुदासाइ’ मागे नाम आलं, की ती गोष्ट हातात देण्याजोगी हवी. टॅक्सीत बसून ‘स्टेशनपर्यंत’ सांगायचं तर ‘एकि मादे ओनेगाइ शिमासु’ म्हणतात. तिथे ‘कुदासाइ’ बसत नाही. फोनवर ‘तानाका-सान ओ ओनेगाइ शिमासु’ म्हणजे ‘तानाकांना फोन देता का?’. तिथे ‘कुदासाइ’ म्हटलं, तर तानाकांनाच बांधून मागितल्यासारखं होईल.

गैरसमज : जपानी बोलताना मराठी विसरायला हवी.

वस्तुस्थिती : ‘प्लीज’च्या वाटेने जाण्यापेक्षा मराठीची वाट जवळची आहे. कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत आलेल्या जपानी पर्यटकाला ‘हे दोन जोड द्या’ असं म्हणायचं असेल, तर तो म्हणेल ‘कोरे ओ निसोकु कुदासाइ’. हे, दोन जोड, द्या, क्रम तोच. ‘सोकु’ हे पादत्राणांचे जोड मोजायचं एकक. तिकिटासारख्या चपट्या वस्तूंना ‘माइ’ लागतं, म्हणून दोन तिकिटं म्हणजे ‘निमाइ’. एकक आठवलं नाही, तर बऱ्याच वस्तूंसाठी ‘हितोत्सु’ (एक), ‘फुतात्सु’ (दोन) म्हणून वेळ निभावते.

याहून नरमाईने मागायचं, तर मराठी माणूस ‘पाणी मिळेल का?’ असं विचारतो. जपानी माणूसही ‘मिझु ओ मोराएमासु का?’ म्हणतो, म्हणजे नेमकं तेच. आणखी अदबीने बोलायचं असेल तर त्यातल्या ‘मोराउ’ (मिळणं) या क्रियापदाच्या जागी ‘इतादाकु’ येतं आणि ‘इतादाकेमासु का?’ होतं. ‘इतादाकु’चा मूळ अर्थ डोक्यावर धारण करणं. अंबाबाईचा प्रसाद हातात पडला की आधी कपाळाला लावतात, मगच तोंडात टाकतात; घेणाऱ्याचा तोच भाव या क्रियापदात आहे.

मराठीवर विसंबताना दोन ठिकाणी मात्र फसगत होते. ‘मला पाणी हवंय’ हे आपल्याकडे साधं मागणं आहे. त्याचं शब्दशः ‘मिझु गा होशिइ देसु’ व्याकरणाने बरोबर असलं, तरी मागणी म्हणून हट्टी वाटतं. दुसरं ठिकाण नकाराचं. ‘पाणी देणार नाही का?’ यात मराठीत टोमणा ऐकू येतो. जपानीत उलट आहे : ‘कुदासाइमासेन का?’, ‘इतादाकेमासेन का?’ असा नकार घालून विचारलं की विनंती अधिक मऊ होते, कारण समोरच्याला नाही म्हणायला जागा मिळते.

गैरसमज : जेएलपीटी पास झालं, की बोलता येतंच.

वस्तुस्थिती : एन-५ या सर्वांत सोप्या पातळीपासून एन-१ या सर्वांत अवघड पातळीपर्यंत या परीक्षेत शब्दसंपत्ती, व्याकरण, वाचन आणि श्रवण तपासलं जातं. बोलण्याची चाचणी एकाही पातळीवर नाही. योग्य पर्याय निवडणाऱ्या विद्यार्थ्याची जपानी दुकानदारासमोर बोबडी वळू शकते.

म्हणून जपानला निघालेल्यांनी ‘कुदासाइ’, ‘मोराएमासु का’ आणि ‘इतादाकेमासेन का’ ही तीन रूपं नुसती वहीत उतरवून ठेवू नयेत. चहा, तिकीट, पेन अशी रोजची एकेक वस्तू घेऊन क्लासमधल्या सोबत्याकडे ती तिन्ही प्रकारे मोठ्याने मागून पाहावी.