नागपूर आकाशवाणी आणि आपली मराठी



आज गाणे ऐकायचे म्हटले की हातात मोबाईल येतो. परंतु पांढुर्णा व सौंसर या दोन तहसिलींमध्ये मराठी घराघरात टिकून राहिली, त्यात नागपूर आकाशवाणीचाही वाटा आहे. तो आपल्या मुलांना माहीत असावा म्हणून हा लेख.

भारतात नियमित रेडिओ प्रसारण २३ जुलै १९२७ रोजी मुंबईहून सुरू झाले. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा ऑल इंडिया रेडिओची देशात फक्त सहा केंद्रे होती: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. आपल्या मध्यप्रांतात एकही नव्हते. १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झाले. त्या वेळी नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती आणि आपला छिंदवाडा जिल्हाही त्याच प्रांतात होता. त्यामुळे नागपूर केंद्र हे आपलेच केंद्र होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्यप्रदेशात राहिलो. कचेरीचा कारभार आणि पुढचे शिक्षण हिंदीत होत गेले. माझे स्वतःचे महाविद्यालयीन शिक्षणही हिंदी माध्यमातूनच झाले. मात्र रेडिओच्या लहरींना राज्याची सीमा ठाऊक नसते. मराठी बातम्या, भक्तिसंगीत, नाट्यसंगीत, शेतीविषयक कार्यक्रम व लोकगीते नागपूरहून पूर्वीप्रमाणेच येत राहिली. ज्या घरात मराठी वर्तमानपत्र येत नव्हते, तेथेही प्रमाण मराठी रोज कानावर पडत होती.

ही लहर इतक्या दूर कशी येत होती, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. नागपूरहून सौंसर सुमारे ६५, तर पांढुर्णा सुमारे १०० किलोमीटर आहे. नागपूर केंद्र मीडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झला लागत असे. प्रकाशाच्या वेगाला या संख्येने भागले की लहरीची लांबी सुमारे ५१३ मीटर येते. एवढी लांब लहर जमिनीला धरून चालते आणि टेकड्यांना वळसा घालते. एफएमची लहर जेमतेम ३ मीटरची असते. ती जवळजवळ सरळ रेषेत जाते व सातपुड्यासारखा डोंगर आडवा आला की अडते. रात्री मीडियम वेव्हची लहर आकाशातील आयनांबर या थरावरून परत फिरते आणि शेकडो किलोमीटरवर उतरते. याच गुणाचा उपयोग करून १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीची रात्रीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. तिच्यासाठी नागपूरला १००० किलोवॅटचे प्रक्षेपण यंत्र होते. ही वाहिनी २०१९ मध्ये बंद झाली.

रेडिओचे आणखी एक मोठे काम आहे. गावच्या गाण्याला तो प्रतिष्ठा देतो. अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात एका विमा कंपनीने १९२५ साली डब्ल्यूएसएम हे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी तेथे खेड्यातील वादक व गायकांचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो 'ग्रँड ओल ऑप्री' या नावाने प्रसिद्ध झाला आणि आजही चालू आहे. शेतकऱ्यांचे म्हणून ज्या गाण्याला कमी लेखले जाई, ते 'कंट्री म्युझिक' म्हणून जगभर पोहोचले. आपल्याकडेही आकाशवाणीने लोकसंगीताच्या कलावंतांची परीक्षा घेऊन त्यांना श्रेणी व मानधन दिले.

तरीही आपल्या गावातली बरीच गाणी कोणत्याच केंद्रापर्यंत पोहोचली नाहीत. पोळ्याच्या झडत्या, भुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, दंडार आणि खडी गंमत यांतील कितीतरी भाग केवळ वृद्धांच्या स्मरणात आहे. ती माणसे गेली की गाणीही जातील. नागपूरहून आलेल्या मराठीने आपली भाषा सांभाळली, पण पांढुर्णा-सौंसरच्या बोलीतली गाणी आपल्यालाच सांभाळावी लागतील.

त्यासाठी मार्ग आहेत. सन २००२ मध्ये शासनाने शैक्षणिक संस्थांना सामुदायिक रेडिओ चालविण्याची मुभा दिली. २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाने देशातील असे पहिले केंद्र सुरू केले. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही परवानगी मिळाली. १०० वॅटचे असे केंद्र सुमारे १० ते १५ किलोमीटरपर्यंत ऐकू येते. आपला पांढुर्णा २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला असून सौंसरही त्यातच आहे. या दृष्टीने विश्वस्त मंडळाने विचार करावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

विद्यार्थ्यांनी मात्र त्याची वाट पाहू नये. आजी-आजोबांचे एक तरी गाणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा. गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख व ते गाणे कोणत्या प्रसंगी म्हणतात, हे वहीत लिहा आणि शाळेच्या ग्रंथालयात जमा करा. पालकांनी मुलांना यासाठी एक संध्याकाळ द्यावी, ही विनंती.

— प्राचार्य