ब्रायटनचा मुक्काम

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन हे मूळचे कोळ्यांचे गाव. परंतु अठराव्या शतकाच्या मध्यास डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्रस्नानाच्या आरोग्यदायी गुणांचा पुरस्कार केला आणि पुढे युवराज जॉर्ज यांचा तेथे मुक्काम पडू लागला, तेव्हा त्याचे भाग्य पालटले. युवराजांसाठी जॉन नॅश या वास्तुविशारदाने १८१५ ते १८२२ या काळात हिंदी धर्तीच्या घुमटांनी व मिनारांनी मंडित केलेला रॉयल पॅव्हिलियन हा राजवाडा व्हिक्टोरिया राणीस रुचला नाही, म्हणून १८५० साली नगराने तो खरेदी केला. तत्पूर्वी १८४१ मध्ये लंडनहून आगगाडी आल्याने सामान्यजनांसही सागरदर्शन सुलभ झाले होते.

येथील किनारा वाळूचा नसून गोट्यांचा असल्याने प्रवाशाने भक्कम पादत्राणे बाळगावीत आणि १८९९ साली खुल्या झालेल्या पॅलेस पिअरवर सायंकाळी निवांत फिरावे. पहिल्या महायुद्धात याच राजवाड्यात जखमी हिंदी सैनिकांचे इस्पितळ होते आणि मृत हिंदू व शीख सैनिकांवर जेथे अग्निसंस्कार झाले, त्या टेकडीवर १९२१ मध्ये संगमरवरी छत्री उभारण्यात आली. ब्रायटनला जाणाऱ्या प्रत्येक भारतीयाने तेथे अवश्य नतमस्तक व्हावे.